विंडो आणि मेसेज: डेस्कटॉप प्रोग्रामिंग नव्याने शिकणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असे आहेत. सी किंवा सी++ येते, कन्सोलवरचे प्रोग्राम लिहून झालेत, आणि आता विंडोजचा मूळ एपीआय (विंडोजने प्रोग्रामसाठी दिलेली फंक्शने) वापरून स्वतःची विंडो उघडायची आहे. कोणाची विंडो दिसतच नाही. कोणाची दिसते, पण बंद केल्यावर प्रोग्राम टास्क मॅनेजरमध्ये तसाच राहतो. कोणी मोठी फाइल वाचायला घेतली की टायटल बारवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येते. काढलेली रेघ विंडो मिनिमाइज करून परत आणली की गायब होते. सेंडमेसेज वापरायचे की पोस्टमेसेज, हे कळत नाही. आणि मराठी मजकूर टाकला की प्रश्नचिन्हे दिसतात.

या बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे. कन्सोल प्रोग्राममध्ये मेन फंक्शन वरून खाली चालते आणि पुढे काय करायचे ते तुम्ही ठरवता. विंडोच्या प्रोग्राममध्ये तुम्ही विंडो प्रोसीजर नावाचे एक फंक्शन लिहून देता, आणि त्याला कधी कॉल करायचा, किती वेळा, कोणत्या क्रमाने, हे विंडोज ठरवते. म्हणून काही बिघडले की ‘या ओळीत चूक काय’ हे शोधण्याआधी ‘ही ओळ आत्ता कोणाच्या कॉलमुळे आणि कोणत्या थ्रेडवर (प्रोग्राममधल्या कोड चालण्याच्या कोणत्या स्वतंत्र वाटेवर) चालते आहे’ हे विचारा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडते. खाली मी प्रत्येक प्रश्न याच वाटेने सोडवला आहे.

काय घडले ते (कळ दाबली, विंडो बंद करायची आहे, चित्र पुन्हा काढायचे आहे) विंडोज तुमच्या प्रोसीजरला ज्या सूचनेने कळवते, ती म्हणजे मेसेज. मेसेजांची नावे डब्ल्यूएम या अक्षरांनी सुरू होतात. वाचायला सोपे जावे म्हणून मी ती अक्षरे गाळून पेंट, क्लोज, डिस्ट्रॉय अशी नुसती नावे लिहितो.

आधी मेसेज लूप, म्हणजे रांगेतले मेसेज एकेक करून उचलणारा तुमचा व्हाइल. त्यात तीन फंक्शने असतात. गेटमेसेज रांगेतला पुढचा मेसेज काढते आणि रांग रिकामी असेल तर थ्रेडला झोपवते. म्हणूनच उघडी पण शांत विंडो सीपीयू खात नाही. ट्रान्सलेटमेसेज कळ दाबल्याच्या मेसेजवरून अक्षराचा मेसेज तयार करून रांगेत टाकते. डिस्पॅचमेसेज तो मेसेज ज्या विंडोचा आहे तिच्या प्रोसीजरला कॉल करते. ट्रान्सलेटमेसेज विसरलात तर एडिट बॉक्समध्ये बाणांच्या कळा चालतात, पण अक्षरे उमटत नाहीत. हे लक्षण दिसले की थेट लूपकडे जा.

ही रांग थ्रेडची असते, विंडोची नव्हे. ज्या थ्रेडने विंडो तयार केली त्याच थ्रेडच्या रांगेत तिचे मेसेज येतात, आणि ती नष्टही त्याच थ्रेडला करता येते. १९९२ च्या विंडोज ३.१ पर्यंत सगळ्या प्रोग्रामांचे कीबोर्ड-माउसचे इनपुट एकाच सामाईक रांगेतून जायचे, त्यामुळे एका प्रोग्रामने लूपकडे परतायला उशीर केला की अख्खे मशीन अडकायचे. १९९३ चे विंडोज एनटी आणि त्यामागून १९९५ चे विंडोज ९५ यांनी थ्रेडला स्वतंत्र रांग दिली. आज तुमच्या चुकीने फक्त तुमचाच प्रोग्राम गोठतो. पण लूपकडे लवकर परतायची जबाबदारी तेव्हा होती तशीच आजही तुमची आहे.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण पुढची निम्मी उत्तरे तिच्यावर उभी आहेत. सगळे मेसेज रांगेतून येत नाहीत. पोस्ट केलेले मेसेज, कीबोर्ड आणि माउस रांगेतून येतात. पण बरेचसे मेसेज ‘सेंड’ केलेले असतात, म्हणजे तुमच्या प्रोसीजरला थेट कॉल होतो, लूपशी संबंधच येत नाही. तुम्ही स्वतः एखादे एपीआय फंक्शन वापरता आणि ते परत येण्याआधीच तुमची प्रोसीजर चालून गेलेली असते.

विंडो दिसतच नाही

विंडो तयार करणारे क्रिएटविंडोएक्स शून्य हँडल (विंडो ओळखण्याची खूण) देते आणि एरर कोड सांगणारे गेटलास्टएररही शून्यच सांगते, ही तक्रार नवशिक्याला सर्वांत हताश करते, कारण शोध कुठून सुरू करायचा हेच कळत नाही. इथे वरचा मुद्दा लावून बघा. साध्या ओव्हरलॅप्ड विंडोसाठी क्रिएटविंडोएक्स परत येण्याआधी तुमच्या प्रोसीजरला आधी गेटमिनमॅक्सइन्फो, मग एनसीक्रिएट, मग एनसीकॅल्कसाइज आणि मग क्रिएट असे मेसेज थेट पाठवते. एनसीक्रिएटला शून्य उत्तर मिळाले की विंडोज त्याचा अर्थ ‘ही विंडो नको’ असा घेते आणि सगळे रद्द करते. ही एरर नाही, तुमचाच निर्णय आहे, म्हणून एरर कोडही नाही. आणि तो निर्णय तुम्ही नकळत घेतलेला असतो, कारण स्विचच्या खाली सरसकट ‘रिटर्न शून्य’ लिहिलेले असते.

नियम असा: जो मेसेज तुम्ही हाताळत नाही तो डेफविंडोप्रॉककडे, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या ठरावीक प्रोसीजरकडे, द्या आणि तिने दिलेले उत्तर जसेच्या तसे परत करा. ‘परत करा’ हा भाग महत्त्वाचा आहे. डेफविंडोप्रॉकला कॉल करून खाली पुन्हा शून्यच परत करणारा कोड मी पुष्कळदा पाहिला आहे. क्रिएट मेसेजची रीत मात्र उलटी आहे: तिथे शून्य म्हणजे सारे ठीक आणि उणे एक म्हणजे रद्द. प्रत्येक मेसेजच्या उत्तराचा अर्थ वेगळा असतो, तो दस्तऐवजात वाचूनच घ्यावा लागतो. त्याला पर्याय नाही.

बाकीची कारणे साधी आहेत. एरर १४०७ म्हणजे त्या नावाचा विंडो क्लास (विंडो तयार करण्याआधी विंडोजकडे नोंदवायचे तिचे वर्णन) सापडला नाही: नावात फरक आहे किंवा नोंदणीच फसली आहे. नोंदणी फसून ८७ आला तर स्ट्रक्चरमधला आकाराचा रकाना, सीबीसाइझ, बहुधा भरायचा राहिला आहे. स्ट्रक्चर आधी पूर्ण शून्य करून मगच भरा. लोकल व्हेरिएबलमध्ये उरलेला कचरा वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे रंग दाखवतो. आणि शोविंडो लिहिले आहे ना, तेही बघून घ्या.

सी++ वाल्यांसाठी इथेच एक सूचना. ऑब्जेक्टचा पॉइंटर विंडोला जोडायचा असेल तर तो क्रिएटविंडोएक्सच्या शेवटच्या पॅरामीटरमधून द्या, एनसीक्रिएटमध्ये उचला आणि सेटविंडोलाँगपीटीआरने विंडोच्या युजरडेटामध्ये ठेवा. क्रिएटविंडोएक्स परत आल्यावर जोडायला गेलात तर सुरुवातीचे सगळे मेसेज हातचे जातात. आणि एनसीक्रिएटच्याही आधी गेटमिनमॅक्सइन्फो येऊन गेलेला असतो, तेव्हा पॉइंटर अजून शून्य आहे. तो तपासल्याशिवाय वापरलात तर विंडो दिसण्याआधीच प्रोग्राम कोसळेल.

विंडो बंद केली, प्रोग्राम मात्र चालूच

टास्क मॅनेजर उघडा आणि त्या प्रोसेसचा सीपीयू बघा. त्यावरून निदान होते.

क्रम असा आहे. वापरणारा फुलीवर क्लिक करतो, तेव्हा क्लोज मेसेज येतो. ही फक्त विनंती आहे. ‘फाइल सेव्ह करायची का’ हे विचारण्याची जागा हीच, आणि नको असेल तर काहीही न करता शून्य परत केले की विंडो जागच्या जागी राहते. तुम्ही क्लोज हाताळला नाही तर डेफविंडोप्रॉक डिस्ट्रॉयविंडोला कॉल करते. त्यातून डिस्ट्रॉय मेसेज येतो. आता विंडो जाणारच आहे, तुमच्या हातात काही नाही. पण विंडो गेली म्हणजे प्रोग्राम संपला असे विंडोज मानत नाही, कारण एका थ्रेडच्या अनेक विंडो असू शकतात. मुख्य विंडोच्या डिस्ट्रॉयमध्ये तुम्ही पोस्टक्विटमेसेजला कॉल केलात तरच पुढे कधीतरी गेटमेसेज शून्य परत देते आणि लूप संपतो.

सीपीयू शून्य टक्के आणि प्रोसेस जिवंत असेल तर पोस्टक्विटमेसेज राहिले आहे. लूप कधीही न येणाऱ्या मेसेजची वाट पाहत झोपला आहे.

प्रोसेस जिवंत आणि प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण भरलेला असेल तर गेटमेसेजच्या दुसऱ्या पॅरामीटरमध्ये तुम्ही विंडोचे हँडल दिले आहे. विंडो नष्ट झाल्यावर ते हँडल अवैध होते आणि गेटमेसेज उणे एक परत देते. तिच्या उत्तराचा प्रकार नावाला बूल असला तरी तिला तीन उत्तरे आहेत: शून्याहून मोठे, शून्य आणि उणे एक. व्हाइलच्या दृष्टीने उणे एकही खरेच, म्हणून लूप गरगर फिरत राहतो. दुसऱ्या पॅरामीटरला नल द्या आणि उत्तर शून्याहून मोठे आहे का, ते तपासा. हँडल देऊन गाळण्याची खरी गरज मुख्य लूपमध्ये जवळपास कधीच नसते.

‘नॉट रिस्पॉन्डिंग’ का येते

तुम्ही बटणाच्या कमांड मेसेजमध्ये फाइल वाचायला सुरुवात केली. ती ओळ कोणाच्या कॉलमुळे चालते आहे? डिस्पॅचमेसेजच्या. म्हणजे तुम्ही परत येईपर्यंत लूप थांबलेला आहे. माउस, कीबोर्ड, रंगवणे, हलवणे, सगळे रांगेत पडून आहे. सुमारे ५ सेकंद तुमच्या थ्रेडने मेसेज उचलले नाहीत की विंडोज ती विंडो हँग झाली असे धरते आणि तिच्या जागी तशीच दिसणारी स्वतःची विंडो ठेवते. ती हलवता येते, बंद करता येते, पण तिच्यामागे तुमचा कोड नसतो. प्रोग्रेस बार मधेच थिजतो तो म्हणून.

बरेच जण यावर एक युक्ती सांगतात: वाचनाच्या लूपमध्ये मधूनमधून पीकमेसेजने रांग रिकामी करत राहा. मी ती सुचवत नाही. त्या मधल्या डिस्पॅचमध्ये वापरणारा तेच बटण पुन्हा दाबू शकतो आणि तुमचे अर्धवट काम स्वतःच्याच आत दुसऱ्यांदा सुरू होते. किंवा तो विंडो बंद करतो आणि तुमचा कोड नष्ट झालेल्या विंडोवर लिहीत राहतो. दीर्घ काम वेगळ्या थ्रेडवर न्या.

पण तिथेही एक खड्डा आहे. वेगळा थ्रेड केला, त्यातून प्रत्येक ओळ वाचली की एक मेसेज पोस्ट केला, तरीही विंडो गोठते. आणि मग ‘थ्रेड करूनही उपयोग नाही’ अशी तक्रार येते. कारण प्राधान्यक्रमात आहे. गेटमेसेज आधी पोस्ट केलेले मेसेज देते, मग कीबोर्ड-माउस, त्यानंतर पेंट आणि सर्वांत शेवटी टायमर. पोस्टचा पूर आला की इनपुट आणि पेंट यांची पाळीच येत नाही. शिवाय एका रांगेत डीफॉल्टने १०,००० च पोस्ट केलेले मेसेज मावतात. त्यापुढे पोस्टमेसेज अपयशी ठरते आणि तुम्ही तिचे उत्तर तपासत नसाल तर प्रगतीचे आकडे गुपचूप हरवतात.

यावर मला सर्वांत भरवशाचा वाटणारा मार्ग साधा आहे. काम करणारा थ्रेड किती झाले ते एका ॲटॉमिक (दोन थ्रेडनी एकाच वेळी वापरले तरी न बिघडणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये लिहितो, विंडोचा थ्रेड दर १०० मिलिसेकंदांच्या टायमरवर ते वाचून प्रोग्रेस बार हलवतो, आणि काम संपले की फक्त एक मेसेज पोस्ट होतो. माणसाच्या डोळ्याला याहून जलद आकडे नकोच असतात.

सेंडमेसेज की पोस्टमेसेज

सेंडमेसेज उत्तर मिळेपर्यंत थांबते. पोस्टमेसेज रांगेत टाकून लगेच परत येते. हे सगळे वाचून येतात, पण परिणाम थ्रेडनुसार बदलतो.

त्याच थ्रेडच्या विंडोला सेंड केले तर तो साधा फंक्शन कॉल आहे. दुसऱ्या थ्रेडच्या विंडोला सेंड केले तर तुमचा थ्रेड थांबतो आणि समोरचा थ्रेड गेटमेसेज किंवा पीकमेसेजसारख्या मेसेज उचलणाऱ्या कॉलमध्ये शिरेल तेव्हाच त्याची प्रोसीजर चालते. समोरचा तिकडे फिरकलाच नाही तर तुम्ही कायमचे अडकलात.

नेहमी भेटणारा डेडलॉक, म्हणजे दोन थ्रेड एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकणे, असा घडतो. वापरणारा ‘रद्द’ दाबतो. विंडोचा थ्रेड काम करणाऱ्या थ्रेडला थांबण्याची खूण करतो आणि तो संपेपर्यंत वेटफॉरसिंगलऑब्जेक्टवर बसतो. काम करणारा थ्रेड जाता जाता ‘रद्द केले’ असे लेबलवर लिहायला सेटविंडोटेक्स्टला कॉल करतो. ते फंक्शन आतून सेंडमेसेजच आहे. आता हा त्याची वाट पाहतो आणि तो ह्याची. कोडमध्ये सेंडमेसेज हा शब्द कुठेच नाही, म्हणून माणूस तासन्‌तास शोधत बसतो. नियम पाळा: विंडोच्या थ्रेडने दुसऱ्या थ्रेडसाठी थांबून राहू नये. संपल्याचा मेसेज येऊ द्या आणि पुढचे काम तिथे करा. थांबणे टळतच नसेल तर एमएसजीवेटफॉरमल्टिपलऑब्जेक्ट्स हे फंक्शन वाट पाहताना मेसेज आले तरी तुम्हाला जागे करते. दुसऱ्या प्रोसेसच्या विंडोशी बोलताना तर साधे सेंडमेसेज वापरूच नका, सेंडमेसेजटाइमआउट वापरा. परक्या प्रोग्रामच्या तब्येतीची खात्री तुम्ही देऊ शकत नाही.

पोस्टचा धोका वेगळा. लोकल बफरमधल्या मजकुराचा पॉइंटर पोस्ट केला, तर मेसेज पोहोचेपर्यंत ते फंक्शन संपलेले असते आणि पॉइंटर कचऱ्याकडे बोट दाखवत असतो. मजकूर हीपवर घ्या, पॉइंटर पोस्ट करा, घेणाऱ्याने तो मोकळा करावा. आणि पोस्टमेसेज अपयशी ठरले तर मोकळा करण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याकडे परत येते. हे वाक्य कोडमध्ये शेरा म्हणून लिहून ठेवा.

स्वतःच्या मेसेजांना क्रमांक देताना युजर या आधारापासून, म्हणजे हेक्समधल्या ०४०० पासून, मोजायला सुरुवात करू नका. तो पट्टा प्रत्येक विंडो क्लासचा खासगी आहे आणि डायलॉग व अनेक कंट्रोल तो आधीच वापरतात. ॲप या आधारापासून, हेक्स ८००० पासून, पुढचे क्रमांक घ्या.

काढलेले चित्र गायब होते

विंडोमध्ये काढलेले काहीही तुमच्यासाठी कायम जपून ठेवले जाईल अशी अपेक्षाच ठेवू नका. बटण दाबल्यावर गेटडीसीने विंडोचा डीसी (चित्र काढण्याची जागा) घेऊन रेघ काढली, ती दिसली, म्हणजे झाले असे नाही. काय काढायचे ते तुमच्या डेटामध्ये लिहा, इनव्हॅलिडेटरेक्टने ‘हा भाग जुना झाला’ असे सांगा आणि काढण्याचे काम पेंट मेसेजमध्ये करा. इनव्हॅलिडेटरेक्ट स्वतः काहीच काढत नाही, नुसती खूण करते. दहा वेळा कॉल केले तरी पेंट एकदाच येऊ शकतो, आणि तो रांगेत इतर काही उरले नाही की येतो. हे आळशीपण तुमच्या फायद्याचे आहे.

जुन्या पाठांमध्ये ‘दुसरी विंडो वर आणून बाजूला करा, तुमचे चित्र पुसले जाईल’ असा प्रयोग असतो. विंडोज ८ पासून तो प्रयोग फसतो, कारण प्रत्येक विंडोचे चित्र आता वेगळ्या मेमरीत ठेवून मग पडद्यावर एकत्र केले जाते. म्हणून चुकीचा कोडही बराच वेळ बरोबर वाटतो. तपासायचे असेल तर विंडो मिनिमाइज करून परत आणा, किंवा लहान-मोठी करा.

पेंटमध्ये बिगिनपेंट आणि एंडपेंट ही जोडी हवीच. बिगिनपेंट ‘जुना झाला’ ही खूण पुसते. तिच्याऐवजी गेटडीसी वापरलेत तर खूण तशीच राहते, विंडोज लगेच दुसरा पेंट पाठवते, मग तिसरा, आणि एक कोअर भरून जातो. याच कारणाने पेंटमध्ये मेसेजबॉक्स दाखवून डीबग करू नका. मेसेजबॉक्स स्वतःचा मेसेज लूप चालवते, त्या लूपमधून पुन्हा पेंट येतो, पुन्हा बॉक्स. ब्रेकपॉइंटही तितकासा कामाचा नाही, कारण डीबगरची विंडो मधे आली-गेली की फोकस बदलतो आणि नवे मेसेज निघतात. आउटपुटडीबगस्ट्रिंगने एक ओळ लिहा आणि पुढे जा.

फ्लिकर हा वेगळा प्रश्न आहे, पण उत्तर छोटे: आधी पार्श्वभूमी पुसली जाते, मग तुम्ही काढता, आणि मधला कोरा क्षण डोळ्याला दिसतो. मेमरी डीसीमध्ये, म्हणजे पडद्यावर न दिसणाऱ्या डीसीमध्ये, पूर्ण चित्र काढून एकदाच कॉपी करा आणि इरेजबॅकग्राउंड मेसेजला शून्येतर उत्तर देऊन पुसणे थांबवा. आणि तयार केलेले प्रत्येक पेन, ब्रश, बिटमॅप परत द्या. एका प्रोसेसला डीफॉल्टने जीडीआयच्या (विंडोजच्या चित्र काढण्याच्या भागाच्या) अशा १०,००० वस्तूच मिळतात; पेंटमध्ये दर वेळी एक ब्रश गळत असेल तर प्रोग्राम तासाभराने विचित्र काळी बटणे दाखवू लागतो आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

मराठी मजकुराचे काय

या प्रश्नावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इंग्रजी पाठांमध्ये तो येत नाही आणि आपल्याला पहिल्याच दिवशी भेटतो.

विंडोजमध्ये प्रत्येक मजकूर-फंक्शनची दोन रूपे असतात: ए शेपटीचे जुन्या कोडपेजसाठी (ठरावीक भाषांपुरत्या अक्षरांच्या तक्त्यासाठी) आणि डब्ल्यू शेपटीचे यूटीएफ-१६ साठी (युनिकोडच्या एका रूपासाठी). मराठी आणि हिंदी विंडोजमध्ये आल्या विंडोज २०००च्या वेळी, आणि आल्या त्याच मुळी फक्त युनिकोडच्या भाषा म्हणून. देवनागरीसाठी जुने कोडपेज दिलेलेच नाही. म्हणजे वाटेत कुठेही ए रूप आले की देवनागरी अक्षराला तिकडे जागा नाही, आणि त्याच्या जागी प्रश्नचिन्ह बसते. मूळ अक्षर तिथेच नष्ट होते, नंतर परत मिळवता येत नाही.

बिघाड कुठे आहे हे चिन्हांवरूनच ओळखता येते, म्हणून स्क्रीनकडे नीट बघा.

सरळ प्रश्नचिन्हे असतील तर कुठेतरी ए रूप वापरले आहे: क्लासची नोंदणी, गेटमेसेज, डिस्पॅचमेसेज, सेटविंडोटेक्स्ट, कुठेही. विंडो युनिकोड आहे की नाही हे नोंदणीच्या वेळी ठरते, आणि इजविंडोयुनिकोड या फंक्शनने तपासता येते. नवीन कोडमध्ये सगळीकडे डब्ल्यू रूप स्पष्ट लिहा. प्रोजेक्टच्या सेटिंगवर विसंबू नका.

फक्त टायटल बिघडले असेल आणि तिथे कंस, टिंब, आठाचा आकडा असले काही दिसत असेल, तर क्लास डब्ल्यूने नोंदवला आहे पण डेफविंडोप्रॉक ए रूपातली आहे. ‘नमस्कार’ घ्या. न चा युनिकोड क्रमांक हेक्समध्ये ०९२८ आहे, म ०९२ई, स ०९३८. मेमरीत प्रत्येकाचा खालचा बाइट आधी येतो, आणि २८, २ई, ३८ हे सुटे बाइट म्हणून वाचले की अनुक्रमे उघडा कंस, टिंब आणि आठ होतात; मधले ०९ म्हणजे टॅब. हीच चूक इंग्रजी टायटलवर झाली तर फक्त पहिले अक्षर उरते, कारण दुसरा बाइट शून्य असतो. म्हणून इंग्रजी पाठात ‘टायटलचे एकच अक्षर दिसते’ असे लक्षण लिहिलेले असते आणि आपल्याला भलतेच दिसते. कारण तेच.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याच्या शेजारी चलनाची खूण अशी जोडी पुन्हापुन्हा दिसत असेल, तर दोष विंडोमध्ये नाहीच. सोर्स फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे, पण कंपायलर ती जुन्या कोडपेजने वाचतो आहे. व्हिज्युअल स्टुडिओच्या कंपायलरला यूटीएफ-८ चा स्विच द्या किंवा फाइल बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंग सांगणाऱ्या खुणेसह) सेव्ह करा. आणि चौकोन दिसत असतील तर अक्षरे शाबूत आहेत, फॉन्टमध्ये आकार नाहीत. विंडोज ८ पासून निर्मला यूआय आहे, त्याआधीच्या मशीनवर मंगल.

टंकनाबद्दल. कीडाउन मेसेजवरून अक्षर ओळखायला जाऊ नका. तो कळ सांगतो, अक्षर सांगत नाही. अक्षर कॅर मेसेजमध्ये येते. देवनागरी इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ७ दाबले की क्ष उमटतो, पण कळ एक असली तरी कॅर मेसेज तीन येतात: क, हलन्त, ष. आलेले प्रत्येक अक्षर लगेच स्वतंत्र टेक्स्टआउटने काढलेत तर पडद्यावर क, मग पाय मोडल्याची सुटी खूण, मग ष असे तुकडे दिसतील. मजकूर बफरमध्ये साठवा आणि पूर्ण ओळ एका कॉलमध्ये काढा. जोडाक्षर जुळवणे आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे हे काम विंडोज करते, पण शेजारची अक्षरे एकत्र मिळाली तरच. कर्सर कुठे ठेवायचा यासाठी अक्षरांच्या रुंदीची बेरीज करू नका, ती जोडाक्षरात चुकणारच. स्वतःचा एडिटर लिहिणे हाच उद्देश नसेल तर विंडोजचा एडिट कंट्रोल वापरा. मराठी टंकणाऱ्याची बॅकस्पेसने आधी मात्रा जावी ही अपेक्षा त्यात आधीच पाळलेली आहे.

उरलेले काही

टायटल बार धरून विंडो ओढताना तुमचे ॲनिमेशन थांबते, असेही कोणी विचारले होते. ओढणे सुरू झाले की डेफविंडोप्रॉक आत स्वतःचा मेसेज लूप चालवते आणि माउस सुटेपर्यंत परत येत नाही. तुमच्या व्हाइलमध्ये पीकमेसेजच्या बाजूला लिहिलेला कोड तोपर्यंत चालत नाही. पण प्रोसीजरला मेसेज मिळत राहतात. म्हणून ॲनिमेशनचे पाऊल टायमर मेसेजमध्ये टाका.

टॅब कळ एका बॉक्समधून दुसऱ्यात जात नाही: कंट्रोलना टॅबस्टॉप शैली द्या आणि लूपमध्ये ट्रान्सलेटमेसेजच्या आधी इजडायलॉगमेसेज घाला.

माउसचे स्थान दुसऱ्या मॉनिटरवर साठ-पासष्ट हजारांवर दिसते: मेसेजमधून लोवर्डने काढलेला आकडा ऋण असू शकत नाही, पण डावीकडच्या मॉनिटरवर स्थान ऋण असते. गेट-एक्स-एलपॅरॅम वापरा.

मेसेज प्रत्यक्ष वाहताना बघायचे असतील तर व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणारे स्पाय++ उघडा. ६४-बिट प्रोग्रामसाठी त्याची ६४-बिट आवृत्ती लागते, नाहीतर यादी रिकामी राहते. आपल्या विंडोवर ते लावून नुसता माउस फिरवा आणि काय काय येते ते वाचा. तेवढे केल्याने या लेखातले बरेचसे स्वतःच दिसेल.

शेवटचा प्रश्न: आज हे शिकावे का, सरळ विनफॉर्म्स किंवा क्यूटी अशा विंडो तयार करून देणाऱ्या लायब्रऱ्या का नकोत? नोकरीचे काम लवकर उरकायचे असेल तर जरूर तेच घ्या. पण त्यांच्याही खाली विंडोजवर हीच विंडो, हीच रांग आणि हाच लूप आहे. विनफॉर्म्समध्ये दुसऱ्या थ्रेडवरून लेबल बदलले की ‘क्रॉस-थ्रेड ऑपरेशन’ची एक्सेप्शन येते आणि सगळे इनव्होक लावायला सांगतात. इनव्होक विंडोच्या थ्रेडला मेसेज पोस्ट करून काम होईपर्यंत थांबते, बिगिनइनव्होक पोस्ट करून पुढे निघते. वरच्या ‘रद्द’ बटणाच्या उदाहरणात सेटविंडोटेक्स्टच्या जागी इनव्होक ठेवून बघा: डेडलॉक तसाच लागतो, बिगिनइनव्होकने सुटतो.